खेळाचं सामान

पहाटे मोटर सुरू झाली की आमचं घर जागं व्हायचं. बडनेरा रस्त्याला, जिथं अमरावती संपल्यासारखी वाटायची पण पुरती संपलेली नसायची, तिथं आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि मळ्याच्या कडेलाच टिनांचं छत असलेलं घर. आधी विहिरीवरची मोटर घुरघुरायची, मग पाटात पाणी पडल्याचा आवाज, मग बाबांचं खाकरणं आणि शेवटी आईची हाक. पाणी मेथीला चाललंय की वांग्याला, हे मला अंथरुणातूनच कळायचं. वांग्याचे वाफे दूर होते, तिकडं पाणी वळवलं की आवाज बारीक होत जायचा. मी उठून बाहेर आले की आई ओसरीवर मेथीच्या आणि सांबाराच्या जुड्या बांधत बसलेली असायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी पुण्यात एका भाजीवालीकडे ताजा सांबार मागितला, तर तिनं मला कोपऱ्यावरचं इडलीचं हॉटेल दाखवलं. सकाळचं खाणं म्हणजे ज्वारीची भाकर, रात्रीची उरलेली वांग्याची भाजी आणि तेलात कालवलेलं तिखट. बाबा माल घालून बाजारातून परत येताना कधी कधी दह्यात भिजवलेला गिला वडा बांधून आणायचे. त्या दिवशी अर्थातच भाकरीकडे कोणी पाहायचं नाही.

मी बारावी झाले ते हे घर. घरात आम्ही तिघंच. पण नाजनीनला धरलं तर चार, आणि तिला धरायलाच हवं. आमच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचं शिलाईचं दुकान होतं आणि पाचवीपासून आम्ही दोघी एका बाकावर बसत होतो. तिच्या थोरल्या भावाकडे एक जुना कॉम्प्युटर होता. तो कामावर गेला की दुपारी आम्ही त्यावर खेळायचो. त्यातला एक खेळ आमचा फार लाडका होता. एक मुलगी घोड्यावर बसून डोंगरातल्या हरवलेल्या गावाच्या शोधात निघते, वाटेत नद्या लागतात, पूल पडलेले असतात, चोर अडवतात. नाजनीन घोडा हाकायची, मी वाट शोधायचे. कॉम्प्युटर जुना, त्यामुळे घोडा चार पावलं टाकून अडखळायचा, डोंगर घडी घातलेल्या चादरीसारखे दिसायचे आणि नदी म्हणजे नुसती निळी ताडपत्री. तरी आम्ही दोन वर्षं त्या ताडपत्रीच्या काठाकाठानं हिंडलो. मग तिच्या भावाला नागपूरला काम लागलं आणि तो कॉम्प्युटर घेऊन गेला.

त्यानंतर आम्ही एकदा गावातल्या गेम पार्लरमध्ये गेलो. मालक भला माणूस होता, त्यानं खुर्च्या पुसून दिल्या. पण आम्ही बसलो तशी आजूबाजूची पोरं आपले खेळ सोडून आमच्या खुर्च्यांमागे येऊन उभी राहिली. कोणी वावगं बोललं नाही. फक्त पाहत राहिली, जशी लग्नात नवरीला पाहतात. नाजनीनचा घोडा नदीत पडला तेव्हा मागून कोणीतरी हळूच हसलं. अर्धा तास बाकी असताना आम्ही उठलो, आणि पुन्हा तिकडं जायचं नाही हे दोघींनी न बोलताच ठरवलं. आज मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुली हेडफोन लावून, चारचौघांत बसून बिनधास्त खेळतात. त्यांना हे सांगितलं तर त्यांचा विश्वास बसत नाही.

बारावीत मला चांगले गुण पडले आणि कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. घरात कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. मी आईला त्याच दिवशी खरं सांगितलं की मला त्यावर खेळायचंही आहे आणि त्यासाठी त्यात ग्राफिक्स कार्ड नावाची एक वेगळी वस्तू बसवावी लागते. आई जुडी बांधता बांधता थांबली.

"किती मोठी असते थे?"

"तळहाताएवढी."

"मंग अभ्यासाचं सामान म्हणून सांगजो. बाबाले आन गल्लीले. खेळाचं नाव काहाडू नको. पोट्टी कॉलेजात जाऊन राहिली आन खेळाले मशीन मांगते म्हणतीन लोकं."

ती रागावली नव्हती. तिच्या परीनं तिनं वाट काढली होती. दोन दिवसांत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की आमच्याकडे अभ्यासाचा कॉम्प्युटर येणार आहे आणि त्यात अभ्यासाचंच काहीतरी महागाचं कार्ड आहे.

मग सुरू झाली कार्डाची निवड. आजकाल कोणी मला विचारलं, "मॅडम, कोणतं कार्ड घेऊ?" तर मी फोनवर दोन मिनिटांत दहा तुलना काढून देते. तेव्हा आमच्याजवळ होतं एक इंग्रजी मासिक, तेही कॉलेजच्या लायब्ररीत बसून वाचायचं. घरी न्यायची परवानगी नव्हती. म्हणून आम्ही दोघी एकेक पान वाटून घेऊन वाचायचो आणि संध्याकाळी मेथीच्या वाफ्याजवळ बांधावर बसून आपापलं पान एकमेकींना तोंडपाठ सांगायचो. हळूहळू आमच्या ध्यानात आलं की खोक्यावर मेमरीचा मोठा आकडा छापलेलं कार्ड चांगलंच असेल असं नाही. चित्र काढणारी खरी चिप मंद असली तर मोठ्या मेमरीचा उपयोग नसतो. पाच माणसांच्या स्वयंपाकाला पन्नास माणसांचं गंज, म्हणजे पातेलं, असं नाजनीन म्हणाली. शेवटी दोन कार्डं उरली. एक मोठ्या आकड्याचं, बिनपंख्याचं, त्यामुळे अगदी शांत. दुसरं लहान आकड्याचं, पण चिप चपळ आणि तिच्या डोक्यावर छोटासा पंखा. मासिकात लिहिलं होतं की दुसऱ्या कार्डावर खेळातल्या पाण्यात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. त्या एका वाक्यावर आम्ही किती संध्याकाळी घालवल्या असतील. बाबा मोटर बंद करायला विहिरीकडे जाता-येता आमच्या बाजूनं जात. आम्ही तेवढ्यापुरत्या गप्प व्हायचो.

अमरावतीत दुसरं कार्ड मिळेना. नाजनीनचे मामू, सलीममामू, अकोल्यात कॉम्प्युटरचं दुकान चालवायचे. त्यांनी निरोप पाठवला की दोन्ही कार्डं आहेत, येऊन पाहा आणि अख्खा कॉम्प्युटर इथूनच जोडून न्या. बाबा, नाजनीन आणि मी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं निघालो. बाबांनी कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून वांग्यांची एक पिशवी भरून घेतली होती आणि ती त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ उभी राहिली. बाबांनी भजी घेतली आणि पलीकडच्या शकुंतलेच्या, म्हणजे संथ चालणाऱ्या छोट्या गाडीच्या, अरुंद रुळांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आमी पोट्टे होतो तवा चालत्या शकुंतलेतून उतरून बोरं तोडून परत चढत होतो." बाबा एवढं एका दमात क्वचितच बोलायचे. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण ते भजी खाण्यात गढले होते.

सलीममामूंचं दुकान अरुंद होतं, पण आत गेलं की मागं लांबच लांब. त्यांनी बाबांना पंख्याखालची खुर्ची दिली, वांग्यांची पिशवी उघडून पाहिली आणि लगेच घरी पाठवून दिली. चहा झाला. मग त्यांनी दोन्ही खोकी काउंटरवर ठेवली आणि सरळ मलाच विचारलं, "बेटा, मशीन कशासाठी पायजे? त्यावर ठरते कोणतं घ्यायचं."

माझी नजर बाबांकडे गेली. तोंडातून निघालं, "अभ्यासासाठी."

मामूंनी दोन्ही खोकी उचलून परत शेल्फावर ठेवली. "मग यातलं एकही नको. अभ्यासाले कार्ड लागतच नाई. बोर्डात आहे तेवढं बस होते. भाऊ, तुमचे पैसे वाया नाई घालवणार मी. ओळखीचं घर आहे."

नाजनीननं माझा हात घट्ट धरला. शेल्फावर परत गेलेलं ते खोकं मला अजूनही दिसतं, त्यावर एक योद्धा होता आणि त्याची तलवार शेल्फाच्या कडेबाहेर आली होती. सलीममामू खरं बोलत होते, आईनं घालून दिलेली गोष्ट त्यांच्या खरेपणानं मोडून पडली होती, आणि आता खरं सांगायचं म्हणजे आईलाही उघडं पाडायचं. बाबांनी बशी खाली ठेवली, मिशी पुसली.

"सलीमभाई, अभ्यासाचं राहू द्या. पोरगी खेळणार हाय त्याच्यावर. ह्या दोघीही खेळणार हायेत. खेळाले कोणतं लागते थे दाखवा. आन मले नका दाखवू, तिले दाखवा."

मी कसंबसं विचारलं, "बाबा, तुमाले कोणं सांगतलं?"

"कोणं सांगाले कायले पायजे? रोज मोटर बंद कराले जातो. तुमी मेथीपाशी बसून कार्ड कार्ड करता. पहिले मले वाटलं कोणाच्या लग्नाचं कार्ड हाय. म्हटलं पोट्टीच्या मनात काही असन तं सांगन आपल्याले. मंग चार दिवस ऐकलं तं त्याच्यात घोडा निघाला, नदी निघाली. म्हटलं हे लग्न नाई, हे दुसरंच काही हाय."

नाजनीनला हसू आवरेना. सलीममामू तोंडावर हात धरून मागं वळले. मला रडायला येत होतं की हसायला हे मला आजही नीट सांगता येणार नाही. मी म्हटलं, "आईले माहीत हाय."

"माहीत हाय मले का तिले माहीत हाय," बाबा म्हणाले. "तिले वाटते मी नाई म्हणीन. मी कायले नाई म्हणू? मी सोता वॉलीबॉल खेळत होतो. आमच्या गावच्या टीमनं एकदा पैसे वाचवाले हलकी जाळी घेतली. तिवस्याच्या मॅचले पहिल्याच सेटात फाटली, आन लोकं आमच्या खेळाले नाई, जाळीले हासले. तवापासून माझं म्हणणं हाय, खेळाचं सामान हलकं घेऊ नये. नाई घ्यायचं तं नाई घ्यायचं, पण घेतलं तं चांगलं घ्यायचं."

बाबा वॉलीबॉल खेळायचे हे मला त्या दिवशी, वयाच्या अठराव्या वर्षी, अकोल्यात एका कॉम्प्युटरच्या दुकानात कळलं.

मग खरी निवड झाली आणि ती अख्खी दुपार चालली. मामूंनी एका उघड्या मशीनमध्ये आधी मोठ्या आकड्याचं कार्ड बसवलं आणि आमचाच खेळ लावून दिला. बाबांचा कल त्याच कार्डाकडे होता. आकडा मोठा, आवाज नाही, पंखा बिघडायची भीती नाही. नाजनीननं घोडा हाकला. आधीपेक्षा खूपच बरा चालला, पण वळणावर अडखळला आणि नदी तशीच ताडपत्री. मग दुसरं कार्ड. पंखा सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. घोडा पुलाजवळ आला आणि नाजनीननं त्याला पुलावर न नेता काठाला उभं केलं. खाली पाणी हलत होतं. त्यात ढग होते, आणि आमच्या घोड्याचं डोकंही होतं, उलटं. बाबा खुर्चीतून उठून जवळ आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पाणी पाण्यावानी दिसून राहिलं."

पण मामूंनी एक धोका सांगितला. हे कार्ड तापतं. अकोला-अमरावतीच्या उन्हाळ्यात माणूस तापतो तिथं यंत्राचं काय. शिवाय त्याला मोठा पॉवर सप्लाय लागणार. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "सांग. घरी तुले सांभाळायचं हाय."

खोटं सांगत नाही, माझ्या मनात शांत कार्डाबद्दलही माया होती. बिनपंख्याचं, बिनतक्रारीचं, घरात कोणाला कळणारही नाही असं. पण आम्हाला पाहिजे होतं ते दुसऱ्यात होतं. मी म्हटलं, "पंख्याचं. तापलं तं पाहू." बाबांनी मान हलवली. मी स्वतःसाठी काही निवडलं आणि सगळे थांबून माझ्या उत्तराची वाट पाहत होते, असं त्याआधी घडल्याचं मला आठवत नाही. पुढं नोकरी, लग्न, घर, सगळं निवडताना त्या दुपारचा मला उपयोग झाला, हे आता या वयात कळतं.

मामीनं आमच्याच वांग्यांची भाजी करून दुकानात डबा पाठवला होता. भाजीत शेंगदाण्याचा कूट इतका की बाबांनी बोटं चाटली आणि ही भाजी एवढी आवडल्याचं घरी आईला कसं सांगायचं याची त्यांना काळजी पडली. तोवर मामूंनी सगळं जोडलं. परतीच्या गाडीत कॅबिनेट गोधडीत गुंडाळून बाबांनी मांडीवर घेतलं, जसं सकाळी वांग्यांना घेतलं होतं. समोरच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय नेऊन राहिले भाऊ, एवढं जपून?"

"कॉम्प्युटर हाय. पोरीच्या खेळाचा," बाबा म्हणाले, आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

घरी आल्यावर आईला सगळं कळलं तेव्हा तिनं आधी कपाळाला हात लावला. "आता मी कोणाले तोंड दाखवू? मीच गल्लीभर अभ्यास अभ्यास सांगून राहिली."

"तं सांग का अभ्यास झाला," बाबा म्हणाले.

आई दोन दिवस त्यांच्याशी नेमकं कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू कॉम्प्युटर पाहायला आल्या. पडद्यावर घोडा धावत होता. काकूंनी विचारलं, हा कोणता धडा? आईनं माझ्याकडे पाहिलं, घोड्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "धडा नाई वो. खेळून राहिली थे. सकाळपासून जुड्या बांधल्या तिनं, आता खेळते." काकूंनी थोडा वेळ पाहिलं, चहा घेतला आणि दुसऱ्या दिवशी आपल्या दोन्ही मुलींना पाठवून दिलं. महिन्याभरात आमच्याकडे दुपारी पाच-सहा मुली जमू लागल्या. कोणाच्या मागं कोणी उभं राहिलं तरी ते पुढच्या पाळीसाठी असायचं.

मामूंनी सांगितलेला उन्हाळा पुढच्या वर्षी आला. टिनांखालच्या खोलीत दुपारी मशीन आपोआप बंद पडू लागलं. कुलरसमोर ठेवावं तर दमट हवा, आणि तशीही कुलरची जागा आईची. नाजनीननं शोध लावला की घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे कांद्यांची खोली. तिच्या भिंती जाड मातीच्या, खिडकी लहान, आणि कांदे सडू नयेत म्हणून हवा खेळती ठेवलेली. आम्ही टेबल तिकडं हलवलं, कॅबिनेटचं एक झाकण कायमचं काढून ठेवलं आणि कार्ड पुन्हा सुरळीत चालू झालं. त्या उन्हाळ्यात आमच्या केसांना, कपड्यांना, वह्यांना कांद्याचा वास होता. नाजनीन आता अकोल्यात असते, मामूंचं दुकान तीच पाहते. कांद्याचं पोतं दिसलं की तिला अजून पंख्याचा तो बारीक आवाज येतो म्हणते. मला तसा येत नाही, पण मी तिचं म्हणणं खोडत नाही.

त्याच उन्हाळ्यातली एक संध्याकाळ सांगून थांबते. मुली घरी गेल्या होत्या. आई आत बेसनाच्या वड्यांची, पातोडीची भाजी करत होती, तिचा वास कांद्यांच्या वासातूनही येत होता. बाबा विक्रीसाठी कांदे काढायला खोलीत आले, पोत्यावर टेकले आणि जरा वेळानं म्हणाले, "मले जमन का हे?" मी उठून त्यांना खुर्ची दिली. त्यांचं बोट एकेका बटणावर जड पडत होतं, घोडा आधी झाडावर आपटला, मग गोल गोल फिरला. पण ते चिडले नाहीत. हळूहळू त्यांना सरळ चालवता यायला लागलं. मी म्हटलं, हरवलेलं गाव उत्तरेला आहे, चोर या बाजूला येतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि घोडा भलतीकडेच वळवला. त्यांना गाव शोधायचं नव्हतं की चोरांशी लढायचं नव्हतं. नुसतं जायचं होतं. डोंगर उतरून ते माळावर आले, माळ ओलांडून एका ओढ्यापाशी, ओढ्यातून पलीकडे. जिथं आम्ही दोघी एवढ्या महिन्यांत कधी गेलो नव्हतो अशा जागी बाबा एकटेच घोडा घेऊन चालले होते. मध्येच म्हणायचे, "जमीन चांगली दिसते इकडची, पण कोणं पेरली नाई." मी त्यांच्या बाजूला पोत्यावर बसून पाहत राहिले.

बरंच दूर गेल्यावर घोडा एका जागी थांबला. पुढं गवत दिसत होतं, आकाशही दिसत होतं, पण बटण कितीही दाबलं तरी पाऊल पुढं पडेना. बाबांनी थोडं डावीकडे जाऊन पाहिलं, थोडं उजवीकडे. तिथंही तसंच.

"बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. खेळ इथंच संपते. याच्यापुढं खेळ बनवणाऱ्यांनी काही बनवलं नाही."

त्यांनी थोडा वेळ त्या गवताकडे पाहिलं. मग बटणावरचं बोट काढलं आणि समाधानानं खुर्चीला पाठ टेकली.

"म्हणजे बांध आला," ते म्हणाले. "चाल, जेवून घेऊ."